खाऱ्या वाऱ्यापुढे उभी राहणारी झाडे

कोकणचा किनारा पाहायचा तर महामार्गाने पाहू नये. खाड्या ओलांडीत, गावोगाव उतरत पाहावा. मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून बराच आत आहे. त्या वाटेने जाणाऱ्याला डोंगर दिसतात, आंबा-काजूची कलमे दिसतात. पण समुद्राच्या ऐन काठावर घर, विहीर आणि वाडी सांभाळून राहणाऱ्या शेतकऱ्याचा संसार दिसत नाही. तो पाहावा, आणि खारा वारा सोसणारी आपल्या मातीतली झाडे कोठे किती उरली आहेत याचीही नोंद करावी, म्हणून शिमगा उरकल्यावर दहा दिवसांची रजा काढून मी आणि आमच्या सौभाग्यवती श्रीवर्धनपासून शिरोड्यापर्यंत काठाकाठाने गेलो. माझी निम्मी नोकरी घाटावर ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारात गेली आणि निम्मी कोकणात. त्यामुळे दोन्हीकडच्या वाचकांना उपयोगी पडेल असे काही सांगता येईल असे वाटते.

श्रीवर्धनच्या वाड्या

श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव. पण शेतकऱ्याच्या तोंडी या गावाचे नाव आहे ते रोठा सुपारीमुळे. गावातल्या बोळांतून चालताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, आत नारळ-सुपारीची दाट सावली, पाटाचे पाणी आणि मिरीचे वेल, असा थाट पिढ्यान्‌पिढ्या होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागातल्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. सुपारीचे झाड उंच, बारीक आणि एकमेकांच्या आधाराने उभे राहणारे. एक पडले की शेजारची चार घेऊन पडते. लावल्यापासून पीक हाती यायला सहा ते आठ वर्षे लागतात. म्हणजे त्या पावसाळ्यात ज्यांनी धीर धरून रोपे लावली, त्यांच्या घरात सुपारीचा पैसा आता कोठे पुन्हा दिसण्याच्या बेतात आहे.

एवढ्या मोठ्या वादळापुढे कोणतेच झाड हमी देत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुने वड-आंबेसुद्धा त्या दिवशी उन्मळले. पण वादळ काही दर वर्षी येत नाही. खारा वारा मात्र दर वर्षी येतो. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा लाटांचे तुषार उडवतो, ते मिठाचे पाणी पानावर बसते, आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपतात. सुपारीची कोवळी रोपे, केळी, भाजीपाला यांचे रोजचे नुकसान होते ते यामुळे. त्यावर उपाय आहे. वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये मीठ सोसणाऱ्या झाडांची वई राखणे.

पुष्कळांना वाटते की झाडांपेक्षा उंच पक्की भिंत बांधली म्हणजे काम झाले. तसे नाही. वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि पलीकडे भोवरे करीत वाडीत कोसळतो. झाडांची रांग वारा अडवीत नाही, गाळते. साधारण निम्मा वारा पानांतून जाऊ देणारी रांग सर्वांत चांगली. अशा रांगेचा आसरा तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत जाणवतो. रांग वीस फूट उंच असेल तर दोनशे ते तीनशे फुटांची वाडी तिच्या पाठीशी निर्धास्त राहते. घाटावरच्या केळी-द्राक्षवाल्यांनीही हा हिशेब ध्यानात ठेवावा.

मर्यादवेल आणि वाळूचे डोंगर

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही वेळासला आलो. नाना फडणविसांचे हे मूळ गाव आता कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे येथल्या पुळणीवर अंडी घालतात आणि गावकरी ती राखतात. तेथून पुढे केळशी. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहिले म्हणजे वाळू कशाच्या बळावर थांबते हा प्रश्न आपोआप पडतो.

उत्तर पायाशीच असते. पुळणीच्या वरच्या अंगाला, भरतीची रेषा संपते तेथून एक वेल पसरलेली दिसते. पान आपट्यासारखे दोन पाळ्यांचे, पण जाड. फूल जांभळे, पेल्यासारखे. हीच मर्यादवेल. तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळ्या फुटतात आणि एकेक वेल वीस-तीस फूट वाळू बांधून ठेवते. नावही किती नेमके! समुद्राने कोठवर यावे याची मर्यादा तिने आखलेली आहे. तिच्या सोबतीला टोकदार पात्यांचे एक चिवट गवत असते. त्याचे काटेरी गोल तुरे वाळल्यावर चेंडूसारखे वाऱ्यावर धावतात. या दोघांना कोणी लावीत नाही, पाणी घालीत नाही, आणि म्हणूनच त्यांची किंमत कोणाला वाटत नाही. जागा साफसूफ करायची म्हटली की पहिले फावडे यांच्यावर पडते. वेल गेली की वाळू सुटते, आणि दोन उन्हाळ्यांत ती वाडीच्या गडग्यावरून आत येते.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी सुरूची बने आहेत. सुरूबद्दल दोन शब्द मोकळेपणाने लिहितो. हे झाड आपल्या किनाऱ्याचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात जळणासाठी कारवारच्या बाजूला त्याची लागवड सुरू झाली आणि पुढे ते सगळीकडे गेले. ते भरभर वाढते, हवेतला नत्र मुळांत धरते, जळण देते, वारा गाळते. हे सारे गुण खरे. पण त्याच्या सुयांचा थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली मर्यादवेल वा दुसरे काही रुजत नाही. पुळणीच्या अगदी कडेला लावले तर त्याच्या मुळ्या कासवांच्या अंडी घालण्याच्या जागाही अडवतात. उभे असलेले बन तोडावे असे मी म्हणणार नाही. नवी लागवड करताना मात्र आपल्या झाडांना आधी जागा द्यावी.

एका घरातला वाद

पुढे दाभोळची खाडी उतरून गुहागरच्या बाजूला आलो. तेथून जवळच्या एका गावात आम्ही एका बागायतदाराच्या घरी उतरलो. घर समुद्राला लागून, मध्ये नारळ-सुपारीची दीड एकर वाडी. थोरल्या मुलाने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या आहेत आणि त्यातून बरा पैसा येतो. वाडीच्या पश्चिम कडेला उंडीची चार जुनी झाडे आणि त्यांच्यापुढे केवड्याचे बन होते. ते पाडून टाकावे, म्हणजे पडवीतून थेट समुद्र दिसेल, आणि मोकळ्या जागेत नर्सरीतून शोभेचे परदेशी ताड आणून लावावेत, असे मुलाचे म्हणणे. त्याची आई ऐकायला तयार नव्हती.

“पाहुणे चार महिने येतात रे, वारा बारा महिने येतो,” असे ती म्हणाली. मुलगा म्हणाला, “आई, सुपारीवर घर चालत नाही म्हणून तर खोल्या काढल्या ना?” दोघांचेही खोटे नव्हते. मुलाला दोन लेकरांचे शिक्षण दिसत होते. आईला २०२० नंतरची उघडी वाडी दिसत होती.

मला विचारले तेव्हा मी मुलाला घेऊन वाडीत फिरलो. उंडीच्या आडोशाला असलेली सुपारीची रोपे आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, जेथे वई मोडली आहे, तेथली रोपे यांची पाने त्यालाच तपासायला सांगितली. कोपऱ्यातल्या रोपांच्या कडा करपलेल्या होत्या. मग तीन गोष्टी सुचवल्या. उंडी तोडू नये. माणसाच्या उंचीपर्यंतच्या खालच्या फांद्या छाटाव्या, म्हणजे बुंध्यांमधून समुद्र दिसेल आणि वरचा पसारा वारा गाळीत राहील. समुद्राकडे जाण्यासाठी केवड्यातून एकच पायवाट काढावी, पण ती सरळ न काढता तिरपी, वळणाची काढावी. सरळ वाट म्हणजे वाऱ्याला आणि वाळूला उघडे दारच. आणि तिसरे, परदेशी ताडांचा पैसा मोडकी वई नीट करण्यात घालावा. वाळूच्या टेकड्या, कांदळवन आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा यांना सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तेथे हात लावण्यापूर्वी चौकशी करावी, हेही सांगितले. मुलगा लगेच हो म्हणाला असे नाही. पण कुऱ्हाडवाल्याला त्याने दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून निरोप धाडला. आईने आम्हाला सोलकढी वाढताना एवढेच म्हटले, “यंदाचा पाऊस तर गेला पाहिजे.”

उंडी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. कोणी तिला उंडण म्हणतात, कोणी उंडल. जाड, चकचकीत, मेणचट पान. पांढरे सुवासिक फूल. लिंबाएवढे गोल फळ. पानावरचा हा मेणचटपणाच मिठाला आत शिरू देत नाही. बियांच्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते. ते कडू आणि खाण्याचे नव्हे. पण वीज नव्हती तेव्हा दिव्यात तेच जळे, सांधेदुखीवर तेच चोळीत, आणि होड्यांच्या फळ्यांनाही तेच लावीत. लाकूडही होड्यांच्या कामाचे. कोळी आणि बागायतदार दोघांच्याही घरात या झाडाला मान होता. घासलेट आले तसा तो गेला.

खाडीकाठचे पहारेकरी

जयगडच्या खाडीत बोटीतून उतरताना सौभाग्यवतींनी तिवराचे एक पान तोडून विचारले, “यावर हे पांढरे काय?” मी म्हटले, जिभेला लावून पाहा. मीठच होते! तिवर खारे पाणी पिते आणि नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा वेगळी. ते मुळांपाशीच मीठ गाळते. चिप्पी तर आता मानाची झाली आहे. पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष म्हणून २०२० साली जाहीर झाले.

खारभूमीत भात करणाऱ्या शेतकऱ्याने कांदळवनाकडे अडगळ म्हणून पाहू नये. बांधापुढे तिवर-कांदळाचा पट्टा असला म्हणजे लाटेचा जोर आधी त्यांच्यावर मोडतो, गाळ मुळांत बसतो, आणि बांध टिकतो. पट्टा गेला की दर भरतीला बांध आतून पोखरतो. उघाडी एकदा वाहून गेली की खारे पाणी भातात शिरते, आणि ते मीठ धुऊन निघायला पावसाळेच्या पावसाळे लागतात. बांधाच्या आतल्या अंगाला करंज आणि भेंड लावावेत. करंजाची मुळे बांध धरतात, ते नत्रही देते, आणि बियांची पेंड खत म्हणून उत्तम. मुळांवरच्या सूत्रकृमींनाही ती आवर घालते.

देवबागची विहीर

मालवणच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तीवर माड, घरे आणि विहिरी. दोन्हीकडे खारे पाणी असताना विहिरीला गोडे पाणी कसे, हे कोडे नव्या माणसाला पडते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. हाच हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते.

म्हणून काठावरच्या माणसाने दोन गोष्टी जपाव्या. पहिली, वाळूची टेकडी. कारण पावसाचे पाणी साठवणारी टाकी तीच. दुसरी, मोटारीचा मोह. पाहुण्यांच्या सोयीसाठी रात्रंदिवस उपसा झाला की उन्हाळ्यात विहीर मचूळ होते. आणि येथे पुन्हा झाडांची निवड आडवी येते. हिरवळीचा गालिचा आणि शोभेची नाजूक झाडे रोज पाणी मागतात. उंडी, भेंड, केवडा, निर्गुडी ही दोन-तीन उन्हाळे जगवली की पुढे मागत नाहीत. विहिरीतले पाणी माणसाला, गुराला आणि माडाला उरते.

सुरंगीच्या गावी

शेवटचा मुक्काम शिरोड्याला. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचे हे गाव, वि. स. खांडेकर येथल्याच शाळेत शिक्षक होते. आम्ही पोचलो तेव्हा हवेत मिठाचा नव्हे, सुरंगीचा वास होता. आरवली, आसोली, शिरोडा या वेंगुर्ले तालुक्यातल्या गावांत सुरंगीची जुनी झाडे आहेत. फुले कोवळ्या डहाळीला येत नाहीत. जून फांद्यांनाच घोसाघोसाने बिलगून फुटतात. फाल्गुन-चैत्रात बहर येतो. पहाटे कळी उमलण्यापूर्वी झाडावर चढून ती काढावी लागते, आणि ऊन चढण्याआधी घरातल्या बायका-मुली वळेसर करायला बसतात. उरलेली फुले वाळवून व्यापाऱ्याला जातात. सुगंधी द्रव्ये, औषधे आणि रंग यांसाठी त्यांना मागणी असते.

एका खळ्यात आजीबाई फुले वाळत घालीत होत्या. सौभाग्यवतींच्या हातात त्यांनी वळेसर ठेवला आणि पैसे घेईनात. मी झाडाचे वय विचारले तर म्हणाल्या, “माका ठावक नाय. मी लगीन होऊन इलय तेव्हा असाच होता. ह्यां झाड म्हणजे आमची बँक हा, सायबानू.” त्या बँकेत कोणी खत घातले नव्हते, फवारणी केली नव्हती. पण नवी झाडे फारशी लावली जात नाहीत, हीही गोष्ट खरी. बियांपासून वाढवलेल्या सुरंगीला फुलायला बरीच वर्षे लागतात, आणि तेवढा धीर आता कोणाजवळ नसतो. आजीच्या झाडाची फुले नातसुनेने माळायची तर लागवड आज व्हायला हवी.

लागवड कशी करावी

प्रवासात जे पाहिले आणि कामात जे अनुभवले त्यावरून काठावरच्या वाडीसाठी एक साधी मांडणी देतो.

१. सर्वांत पुढे, भरतीच्या रेषेजवळ, काही लावू नये. मर्यादवेल व गवत असेल ते तसेच राहू द्यावे. गेले असेल तर शेजारून वेलीचे हातभर तुकडे आणून पावसाच्या सुरुवातीला ओल्या वाळूत पुरावे.

२. त्यामागे झुडपांची वई. केवड्याचे फुटवे, निर्गुडीची व कोयनेलची छाटे, आणि जेथे गुरांचा उपद्रव आहे तेथे सागरगोटा. निर्गुडीला बकरी तोंड लावीत नाही. सागरगोट्याच्या काट्यांतून कोणी येत नाही, आणि मुलींना खेळायला सागरगोटे घरचेच होतात.

३. तिसरी रांग झाडांची: उंडी, भेंड, करंज. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर ठेवावे, आणि शक्य तर दोन रांगा तिरक्या जुळवाव्या. भेंडाचे मनगटाएवढे खुंट पावसाच्या तोंडावर रोवले तर फुटतात. उंडीचे बी ताजे घ्यावे आणि कवच हलक्या हाताने फोडून पेरावे. फोडलेले बी तीन-चार आठवड्यांत रुजते. न फोडलेले दोन महिने घेते.

४. या आडोशाच्या आत माड, सुपारी, केळी. घराजवळ बकुळ, सुरंगी आणि कोकम. कोकमाची रोपे बियांपासून केली तर त्यांत जवळजवळ निम्मी नर निघतात, फळ देत नाहीत. म्हणून कृषी विद्यापीठाच्या वा खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमेच आणावी. ‘कोकण अमृता’ ही दापोलीच्या विद्यापीठाची चांगली जात आहे.

५. वाळूत खड्डा दोन फूट घ्यावा. तळाशी नारळाची सोडणे उपडी न घालता उताणी रचावी, म्हणजे ओल धरतात. वर तांबडी माती व कुजलेले शेणखत भरावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा पाणी आणि पश्चिमेकडून झापांचा आडोसा द्यावा.

यात विकत आणण्यासारखे फार थोडे आहे. छाटे शेजाऱ्याच्या वईत आहेत, बी झाडाखाली पडले आहे, झाप आणि सोडणे घरची आहेत. लागतो तो पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातला वेळ आणि घरातल्या दोन पिढ्यांचे एकमत. घाटावरच्या वाचकांनीही आपल्या शिवाराच्या बांधावर करंज-निर्गुडी लावून पाहावी. तेथे खारा वारा नसला तरी कोरडा वारा आहेच. मृग निघायच्या आधी खड्डे काढून ठेवा, बी जमवून ठेवा, आणि काय लावले ते आम्हालाही कळवा.